खडूची रेघ: एका मेकॅनिकच्या आठवणी लिहिताना

पार्श्वभूमी

घरातलं माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायचं असतं, तेव्हा मी कुटुंबांना मदत करते. हे प्रकरण त्यातल्या एका कुटुंबाचं आहे. ते लिहायला कुटुंबाची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

छोट्या शहरातला एक मोटार मेकॅनिक. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या हाताखाली शिकायला लागला, चोविसाव्या वर्षी स्वतःचं गॅरेज टाकलं आणि ६८व्या वर्षी गेला. ४४ वर्षं एकच शेड. शहरात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही इथे मिस्त्रीच म्हणते. घरी पत्नी, थोरला मुलगा, मुलगी आणि धाकटा मुलगा. गॅरेज आता त्यांच्याकडे १९ वर्षं काम केलेला शिष्य चालवतो.

ते शिकले तो काळ आणि ते गेले तो काळ, यांत त्यांचा धंदा मुळापासून बदलला होता. १९७०च्या आसपास त्यांनी हात बसवला तो पॉइंट, कंडेन्सर आणि कार्बोरेटरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या भागांवर. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी-कॉइलची इग्निशन १९१०च्या सुमारास मोटारींत आली. साठ वर्षांनी मिस्त्री शिकायला बसले तेव्हाही मूळ कल्पना तीच होती. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर, ती फिलर गेजनं मापायची, गेज सापडलं नाही तर जाड कागदाच्या कपट्यानं अंदाज घ्यायचा. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पॉइंट गेले, कार्बोरेटर गेला आणि गाडीत संगणक आला. हे सगळं इथे सांगते, कारण थोरल्या मुलाच्या मनात वडिलांचं एक पक्कं चित्र होतं: ‘बाबा जुन्यातच अडकून राहिले.’ ते चित्र पुढे टिकलं नाही.

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा स्मृतिसभेला १८ दिवस होते. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: सभेत वाचायला सहा मिनिटांचं मनोगत आणि घरच्यांसाठी एक छोटी पुस्तिका. सावकाश वाचलं तर सहा मिनिटांत सहाशे-सातशे शब्द बसतात. तेवढ्यात ६८ वर्षं मावत नाहीत, आणि ती मावावीत अशी तिची अपेक्षाही नव्हती.

अडचण

थोरल्या मुलानं आधीच एक मसुदा तयार केला होता. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी, आदर्श पती, प्रेमळ पिता.’ मन लावून लिहिलेला, रात्री जागून लिहिलेला. मुलीनं तो आईला वाचून दाखवला; त्यांना मी काकू म्हणते. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, “हे कोणाबद्दल आहे?”

काकूंना मुलाचं मन दुखवायचं नव्हतं. त्यांना त्या शब्दांत नवरा सापडला नव्हता, एवढंच. पण मुलाला ते लागलं. दोन दिवस तो या विषयावर बोलला नाही.

मुलीची अडचण वेगळी. तिला खरं लिहायचं होतं, आणि तिच्या वाट्याला आलेलं खरं कडू होतं. वडील ओरडून बोलत. शाळेतलं काही सांगायला गेलं तर ऐकलं न ऐकल्यासारखं करत. मागून हाक मारली तर ओ देत नसत. तिच्या आठवणीत एक कायम पाठमोरा माणूस होता. तो सभेत कसा सांगायचा, आणि सांगायचा नसेल तर मग दुसरं काय सांगायचं? धाकटा लांब राहतो, फोनवर तो म्हणाला, “तुम्ही जे ठरवाल ते.”

माझ्या अनुभवात अशा वेळी खरी उणीव माहितीची असते. घरच्यांना माणूस रात्री आठनंतरचा माहीत असतो. दिवसाचे दहा-बारा तास तो ज्यांच्याबरोबर असतो, त्यांना कोणी विचारत नाही. मिस्त्रींचं निम्म्याहून जास्त जागेपण त्या शेडमध्ये गेलं होतं, आणि तिन्ही मुलांपैकी कोणीही तिथे सलग एक दिवससुद्धा बसलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थोरल्याचा मसुदाच नीट करून घ्यायचा. त्यात कोणी दुखावलं गेलं नसतं आणि वेळही वाचला असता. पण काकूंचा प्रश्न तसाच राहिला असता.

दुसरा, मुलीनं एकटीनं तिच्या बाजूनं लिहायचं. हे प्रामाणिक झालं असतं, पण एका बाजूचं. शिवाय सभेत भाऊ समोर बसलेला असताना ती ते वाचू शकली असती, असं मला वाटत नव्हतं.

तिसरा, आठवडाभर कोणीच काही लिहायचं नाही, आधी विचारत फिरायचं. मी हा सुचवला. जोखीम उघड होती: १८ दिवसांतले ७ नुसते ऐकण्यात जाणार. थोरला म्हणाला, “आणि शेवटी हाती काही लागलं नाही तर?” तर तुमचा मसुदा आहेच, तो मी वाक्य न् वाक्य नीट करून देईन, असं मी त्याला सांगितलं. त्या आश्वासनावर तो तयार झाला.

काय केलं

‘ते कसे होते?’ हा प्रश्न आम्ही कोणालाच विचारायचा नाही असं ठरवलं. त्याचं उत्तर विशेषणांतच येतं. त्याऐवजी हाताचे, वस्तूंचे, रोजच्या कामाचे प्रश्न काढले. हात कशानं धुवायचे? शेड उघडल्यावर पहिलं काम काय? कुठलं काम ते कधीच दुसऱ्याला देत नसत? कुठल्या गाडीला नाही म्हणायचे?

हातांच्या प्रश्नावर काकू अर्धा तास बोलल्या. आधी रॉकेल, मग साबण आणि लाकडाचा भुसा. तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. मुलं लहान असताना ती दारातच अंगावर झेपावायची. हात धुवायच्या आधी मिस्त्री त्यांना तळवे लावत नसत. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागानं, दोन फळ्यांवर ओझं घ्यावं तसं उचलायचे. काकूंनी उभं राहून ते करून दाखवलं. थोरला बघत होता. “मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असंच उचलतात,” एवढंच तो म्हणाला. मनोगताची सुरुवात त्या क्षणी सापडली, पण मी तसं बोलले नाही. सुरुवात सापडली म्हटलं की माणसं पुढचं शोधायचं थांबवतात.

मग आम्ही गॅरेजमध्ये गेलो: मुलगी, थोरला आणि मी. शिष्यानं हत्यारांची पेटी उघडली. तीत बाजारात मिळणारे पाने होतेच, पण निम्मी हत्यारं घरी केलेली होती. ग्राइंडरवर घासून पातळ केलेला एक पाना. गरम करून जवळजवळ काटकोनात वाकवलेला दुसरा. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायला लोखंडी पट्टीतून बनवलेला साचा. प्रत्येक हत्यार कुठल्या तरी एका अडनिड्या बोल्टसाठी जन्माला आलं होतं, आणि तो बोल्ट कुठला हे फक्त शिष्याला ठाऊक होतं. आम्ही एकेक वस्तू पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढला आणि तो सांगत गेला तसं लिहून घेतलं. पुढेमागे तो हे काम सोडून गेला असता तर ती पेटी म्हणजे वाकड्या लोखंडाचा ढीग राहिला असता.

संगणकाचं कोडंही तिथेच सुटलं. “मिस्त्री नव्या गाड्या घेत नव्हते ना?” थोरल्यानं विचारलं. शिष्य चकित झाला. बिघाड झाला की गाडीचा संगणक जो कोड देतो, तो वाचायचं यंत्र आणलं होतं त्यानं, पण ते वापरायचं कसं हे शिकवलं होतं मिस्त्रींनी, साठी उलटल्यावर. कोड आला की पोरं लगेच तो भाग बदलायला धावायची. मिस्त्री अडवायचे. “कोड म्हणजे गाडीचं गाऱ्हाणं. रोग काय, ते आपण शोधायचं.” पी०१७१ हा कोड घ्या. मिश्रणात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय, एवढंच तो सांगतो. मागे फुटलेली व्हॅक्यूमची नळी असेल, थकलेला पंप असेल, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर मळलेला असेल. सेन्सर बदलून गिऱ्हाईकाला पाठवून द्यायचं आणि नळी फुटकीच ठेवायची, हे त्यांना चोरीसारखं वाटे. घरी ते नव्या गाड्यांना शिव्या देत, हे खरं होतं. गॅरेजमध्ये त्या उघडून बसत, हेही तितकंच खरं.

पहिला निर्णय: ओरडणं

मुलीच्या कडवट आठवणीचं काय करायचं, हा प्रश्न गॅरेजमध्येच पुन्हा समोर आला. शिष्यानं सहज सांगितलं की हाताखालच्या लहान पोरांचं बोलणं मिस्त्रींना कळत नसे, म्हणून पोरं खांद्याला हात लावून मगच बोलायची. इंजिनातली टकटक मात्र ते अचूक पकडायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानापाशी हाडावर टेकवायची. लोखंडातून कंप थेट पोहोचतो आणि आवाज कुठल्या व्हॉल्व्हपाशी आहे, कुठल्या बेअरिंगपाशी, ते कळतं.

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे त्यांना ऐकूच येत नव्हतं?”

इथे थांबणं भाग होतं. मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, बहुधा ३००० ते ६००० हर्ट्‌झच्या दरम्यानचं. स, श, फ यांसारखी व्यंजनं आणि लहान मुलांचे पातळ आवाज तिथेच निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. दिवसात आठ तास ८५ डेसिबल ही बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी मर्यादा आहे. एका रूढ हिशेबानुसार दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ग्राइंडर सहज तिथवर जातो, आणि मिस्त्रींनी कानात कधी काही घातलं नव्हतं.

सगळं जुळत होतं. पण त्यांचे कान कधी तपासले गेले नव्हते. ‘बाबांना ऐकू कमी येत होतं, म्हणून ते ओरडत’ असं लिहिलं असतं तर मुलीच्या बालपणावर एक सोयीचा खुलासा चिकटवला गेला असता. मलाही तो मोह झाला होता, हे कबूल करते. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून कोणालाही झाला असता.

आम्ही काकूंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “ऐकू येत नव्हतं हे खरं. पण रागही होताच. तो कानाच्या माथी मारू नका.”

म्हणून ठरलं की जे दिसलं तेवढंच लिहायचं. मुलीनं पुस्तिकेत लिहिलं की ती मागून हाक मारायची आणि बाबा वळत नसत. गॅरेजमधल्या पोरांना खांद्याला हात लावायचं कळलं होतं, आम्हाला घरी कळलं नाही. रागाबद्दल एक वेगळं वाक्य आलं, कारण न देता. ते वाक्य तिनं चार वेळा बदललं. शेवटी राहिलं ते असं: “ते रागावले की घर शांत व्हायचं, आणि ती शांतता मला अजून आठवते.” थोरल्यानं ते वाचलं आणि काढा म्हणाला नाही.

दुसरा निर्णय: खडूची रेघ

ज्यांना विचारलं त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला एक गोष्ट आठवत होती. चाक बसवून झालं की मिस्त्री खिशातून खडू काढत आणि प्रत्येक नटावर खूण करत. मग म्हणत, “उद्या एकदा दाखवून जा.” लोकांना त्यात त्यांचा नेटकेपणा दिसे. सभेसाठी यापेक्षा चांगली आठवण कुठली?

पण ही सवय आली कुठून, याची दोन उत्तरं मिळाली. आताचा शिष्य म्हणाला की कामात सतत कोणीतरी बोलवतं, मग कुठला नट आवळला आणि कुठला राहिला याचा घोळ होऊ नये म्हणून. त्याच्या आधी गॅरेजमध्ये असलेला, आता पन्नाशी ओलांडलेला एक जुना शिष्य मात्र म्हणाला, “आधी ठिपका असायचा. रेघ नंतर आली.”

हा फरक मला आधी कळला नाही, म्हणून मी आताच्या शिष्याला खूण करून दाखवायला सांगितलं. त्यानं नटावरून थेट चाकाच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. नटावरचा ठिपका सांगतो की हा आवळून झाला. नटावरून पत्र्यावर गेलेली रेघ वेगळं काम करते: नट नंतर जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. नवं बसवलेलं चाक थोडं चालल्यावर नट पुन्हा तपासावेत, असं कुठलाही चांगला मेकॅनिक सांगतो. पावसानं, धुळीनं खडू पुसतो, पण एक दिवस टिकला तरी पुरे, कारण गाडी उद्या परत येणार असते. ही रेघ विसरभोळ्या माणसाची नव्हती. सुटलेला नट काय करतो हे जाणणाऱ्या माणसाची होती.

जुन्या शिष्याला मी विचारलं की रेघ कधी आली. त्यानं काकूंकडे बघितलं.

काकूंनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी मुलीला आणि मला बोलावून सांगितलं. गॅरेजचं अकरावं वर्ष. मिस्त्री एका गाडीचे ब्रेक लायनर बदलत होते. चाक चढवलं होतं, नट हातानं फिरवून ठेवले होते, गाडी अजून जॅकवर होती. घरून निरोप गेला: पाच वर्षांच्या मुलाला तापात आकडी आली आहे. ते हातातलं टाकून धावले. गिऱ्हाईक घाईत होतं. कोणीतरी जॅक उतरवला आणि किल्ली दिली. तीनेक किलोमीटरवर चाक निखळलं, गाडी रस्ता सोडून गेली. चालवणाऱ्या माणसाचा पाय मोडला. तो वाचला, पण अजून लंगडत चालतो. जॅक कोणी उतरवला हे काकूंनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मिस्त्रींनी सगळा दोष स्वतःवर घेतला होता.

“निरोप मी धाडला होता,” काकू म्हणाल्या. तेहतीस वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. तो पाच वर्षांचा मुलगा म्हणजे थोरला, आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

माझी चूक

इथे माझ्याकडून चूक झाली आणि ती गंभीर होती. वेळ कमी होता. मी त्या रात्री पुस्तिकेचा कच्चा मसुदा केला आणि त्यात हा प्रसंग लिहिला, अपघात झालेल्या माणसाचं नाव न घेता, ‘घरून तातडीचा निरोप आला’ इतकंच लिहून. काकूंचं गुपित राखलं असं मला वाटलं. मसुदा तिन्ही भावंडांना पाठवला.

थोरल्यानं रात्री अकराला बहिणीला फोन केला: “कसला निरोप?”

ती खोटं बोलू शकली नाही, खरंही सांगू शकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनाच मुलाला समोर बसवून सांगावं लागलं. कदाचित त्यांनी पुढेमागे सांगितलंच असतं. पण कधी सांगायचं, कुठल्या शब्दांत, सांगायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता आणि तो माझ्या मसुद्यानं हिरावला. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “आता झालं.” ते क्षमा करणं होतं की विषय संपवणं, मला आजही सांगता येणार नाही.

थोरला दिवसभर घराबाहेर होता. संध्याकाळी आला आणि म्हणाला, “त्या माणसाला मी विचारतो. मीच गेलं पाहिजे.”

मसुदा लिहिण्याआधी त्या माणसाला विचारायला हवं होतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. प्रसंग आम्ही मिस्त्रींच्या आयुष्यातला म्हणून मोजत होतो. पाय त्याचा मोडला होता.

तिसरा निर्णय: सांगायचं की नाही

थोरला जाऊन येईपर्यंत आम्ही चार वाटा मांडून ठेवल्या होत्या. प्रसंग पूर्ण सांगायचा. अजिबात सांगायचा नाही आणि रेघही गाळायची. रेघ सांगायची, कारण नाही. किंवा सभेत कारण नाही, पण घरच्यांसाठी ते वेगळं लिहून ठेवायचं.

मुलीला पहिली वाट हवी होती. चुकीनंतर माणूस कसा वागला यात तिला वडील सर्वांत जास्त दिसत होते, आणि मला ते पटत होतं. धाकट्याला दुसरी हवी होती. मेलेल्या माणसाची चूक कशाला चव्हाट्यावर आणायची, हा त्याचा प्रश्नही खोटा नव्हता.

तो माणूस थोरल्याशी तासभर बोलला. निर्णय स्पष्ट होता: “सभेत नको. मी का लंगडतो हे लोक विसरलेत. ते विसरलेलंच बरं.” मग म्हणाला, “मी नंतरही गाडी त्याच्याकडेच टाकत होतो, हे मात्र सांगा.” तेच नेमकं कारणाशिवाय सांगता येत नव्हतं. थोरल्यानं त्याला तसं सांगितलं. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “मग राहू दे.”

यानंतर चर्चा उरली नाही. सभेत रेघ सांगायची, कारण नाही. पूर्ण हकीकत काकूंच्या शब्दांत लिहून घ्यायची आणि ती त्यांच्याकडेच ठेवायची. कोणाला वाचायला द्यायची ते त्या ठरवतील. छापील पुस्तिकेतून प्रसंग काढला. धाकट्यानं तो मसुदा एका चुलतभावाला पाठवला होता, तो त्यानं फोन करून पुसायला लावला. पुसला गेला असेल, अशी आशा आहे.

इतर दोन निर्णय लवकर झाले. उधारीची वही पुस्तिकेत घ्यायची नाही, कारण तीत लोकांची नावं होती आणि कोणी किती दिवस पैसे दिले नाहीत हे जगाला सांगणं म्हणजे मिस्त्रींनी जपलेलं मोडणं. आणि धाकट्याच्या फोनमध्ये वडिलांचा १४ सेकंदांचा एक निरोप होता, “टायरमध्ये हवा बघून घे, लांब जायचंय तुला” असा. तो सभेत वाजवायचा नाही असं काकू म्हणाल्या. त्याच्या तीन प्रती करून तीन ठिकाणी ठेवल्या.

निष्पत्ती

मनोगत मुलीनं वाचलं. सहा मिनिटांचं आठ झालं, कारण मनगटांनी उचलण्यापाशी ती थांबली आणि थोरल्यानं उठून तिच्या शेजारी उभं राहून पुढचा परिच्छेद वाचला. तसं काही ठरलेलं नव्हतं. त्याच्या मूळ मसुद्यातलं एकही विशेषण मनोगतात आलं नाही, आणि ती सगळी काढायला त्यानंच सांगितलं होतं. फक्त ‘कष्टाळू’ ठेवावं का, असं त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला हवं तर ठेवू. रात्री त्याचाच निरोप आला: नको.

खडूच्या रेघेची गोष्ट सांगितली तेव्हा सभेत बऱ्याच माना हलल्या. शेवटच्या ओळीत एक माणूस बसला होता. सभा संपायच्या आत तो उठून गेला. थोरला दारापर्यंत त्याच्या मागे गेला आणि थोड्या वेळानं एकटाच परत आला.

काही महिन्यांनी मी हे प्रकरण लिहायचं ठरवलं तेव्हा आधी त्या माणसाला विचारलं. या वेळी क्रम चुकवला नाही. नाव नाही, गाव नाही म्हटल्यावर तो हो म्हणाला आणि त्यानं त्याच्या अटीची आठवण करून दिली. ती इथे पुरी करते: अपघातानंतरही तो गाडी मिस्त्रींकडेच टाकत असे.

हेच काम पुन्हा करायचं झालं तर

गॅरेजमध्ये मी पहिल्या दिवशी जाईन. आम्ही चार दिवस घरातच घालवले आणि तेवढ्यात मुलीची मतं बरीच घट्ट झाली. जुन्या शिष्याशी मी एकटीनं, काकू नसताना बोलेन. त्यांच्यासमोर प्रश्न टाकून मी दोघांनाही कोंडीत पकडलं. आणि कच्चा मसुदा पाठवण्याआधी प्रत्येक वाक्यापाशी थांबून बघेन की हे वाचून कोण कोणाला काय विचारील. ‘घरून निरोप आला’ हे चार जणांना निरुपद्रवी होतं. पाचव्यासाठी नव्हतं.

कानांबद्दल मात्र मी अजून दोन्हीकडे आहे. काकूंचं म्हणणं आम्ही पाळलं ते योग्यच. तरीही कधी वाटतं की मुलीला तो खुलासा नुसता शक्यता म्हणून, तिच्यापुरता, जास्त स्पष्ट शब्दांत द्यायला हवा होता. सभेनंतर तिनं मला विचारलं होतं, “शक्यता किती?” मी म्हटलं, बरीच. तिथे थांबले.

पुस्तिकेच्या ४० प्रती छापल्या. महिन्याभरानं आताच्या शिष्याचा फोन आला: अकराव्या पानावरच्या फोटोखालची ओळ चुकली आहे. पातळ केलेला पाना स्टार्टरच्या बोल्टसाठी असं छापलंय, पण स्टार्टरचा तो वाकवलेला. पातळ पाना टॅपेटच्या लॉकनटासाठी, तिथे जाड पाना शिरतच नाही. सांगताना त्याचीच अदलाबदल झाली असणार, असं तो म्हणाला, आणि मिस्त्रींनी हे बघितलं असतं तर चालवून घेतलं नसतं असंही. थोरल्यानं दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे प्रत होती त्यांच्या घरी जाऊन स्वतः चिकटवून आला.